ग्रहांचा अभ्यास हे करिअर आहे का? एका आईच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न बार्शीच्या एका ताईंचा आहे. त्यांची मुलगी अकरावी सायन्सला आहे आणि तिला ग्रहांचा अभ्यास करणारी खगोलशास्त्रज्ञ व्हायचंय. घरात सगळ्यांचं म्हणणं एकच, की हा छंद झाला, यावर पोट भरत नाही. ताईंनी विचारलंय, "ही माणसं दिवसभर, रात्रभर नेमकं काय करतात? त्यांचं आयुष्य कसं असतं? नोकरी मिळते का? आणि तिला आत्ता काय करायला सांगू?"

ताई, मी गेली सव्वीस वर्षं हेच काम करते आहे. माझा विषय पिधानांचा. आपल्याकडे आकाशनिरीक्षण करणाऱ्यांना हा शब्द माहीत असतो. चंद्र रोहिणीसमोरून जातो आणि ती थोडा वेळ दिसेनाशी होते, त्याला आपण रोहिणीचं पिधान म्हणतो. तसाच एखादा ग्रह, उपग्रह किंवा लघुग्रह दूरच्या ताऱ्यासमोरून जातो. तारा किती वेळ झाकला गेला, उजेड एकदम गेला की हळूहळू मंदावत गेला, एवढ्यावरून त्या ग्रहाचा आकार कळतो, त्याला वातावरण आहे का कळतं, भोवती कडी आहेत का तेही कळतं. जिथे यान पाठवायला दहा-वीस वर्षं आणि हजारो कोटी रुपये लागतील, तिथली बातमी कधीकधी गावाबाहेरच्या माळरानावर लावलेली छोटी दुर्बीण आणून देते.

लोकांना वाटतं आम्ही रात्रभर दुर्बिणीला डोळा लावून बसतो. गेल्या वीस वर्षांत कामासाठी मी डोळा लावल्याचं मला क्वचितच आठवतं. लडाखमधल्या हानले इथली दोन मीटरची दुर्बीण साडेचार हजार मीटर उंचीवर आहे, आणि निरीक्षक बसतात बंगळूरजवळच्या होसकोटेला, उपग्रहाच्या दुव्यावरून ती चालवत. वर्षातल्या मोजक्या रात्री निरीक्षणाच्या. बाकीचे दिवस संगणकासमोर: प्रतिमांमधली चूकभूल काढायची, प्रोग्रॅम लिहायचे, ताऱ्याच्या उजेडाचा आलेख घेऊन त्याच्याशी झटत बसायचं. दुर्बिणीचा वेळ मिळावा म्हणून प्रस्ताव लिहायचे. दहा पानांच्या त्या प्रस्तावात महिना जातो, आणि बरेचदा तो नाकारला जातो. मिळालेल्या तीन रात्रींपैकी दोन ढगांनी खाल्ल्या तर कुणाकडे दाद मागायची सोय नाही, पुन्हा रांगेत उभं राहायचं. जून ते सप्टेंबर आपल्याकडच्या बहुतेक दुर्बिणींचे घुमट बंदच असतात, त्यामुळे पावसाळा हा आमचा लिहिण्याचा मोसम.

पण या आयुष्याचा गाभा वेळापत्रकातून कळायचा नाही. त्यासाठी मी माझ्या विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगते ती गोष्ट सांगते. ती खरी आहे, आणि तिच्यात भारतही आहे.

१० मार्च १९७७ च्या रात्री युरेनस तूळ राशीतल्या एका मंद ताऱ्यासमोरून जाणार होता. साध्या डोळ्यांना न दिसणारा, यादीत फक्त एक क्रमांक असलेला तारा. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातले जेम्स एलियट तेव्हा तेहेतीस वर्षांचे होते. एडवर्ड डनहॅम आणि डग्लस मिंक या सहकाऱ्यांसह ते ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून एका विमानात बसले. विमानात ९१ सेंटिमीटरची दुर्बीण बसवलेली होती. दक्षिण हिंदी महासागरावर, ढगांच्या पार वर जाऊन त्यांना युरेनसच्या वातावरणाचा आणि व्यासाचा अभ्यास करायचा होता. कड्यांचा विचार कुणाच्याच डोक्यात नव्हता. तेव्हा कडी म्हणजे शनीची, एवढंच जगाला ठाऊक होतं.

ताऱ्याच्या उजेडात पडणारी ग्रहाची सावली नक्की कधी आणि कुठून जाईल याची खात्री नव्हती, म्हणून त्यांनी अपेक्षित वेळेच्या बऱ्याच आधी नोंदणी सुरू केली. हा एकच निर्णय पुढे सगळ्यात मोलाचा ठरला. ग्रहाने तारा झाकायला सुमारे ३५ मिनिटं बाकी असताना ताऱ्याचा उजेड अचानक खाली आला आणि लगेच वर गेला. मग पुन्हा. मग आणखी एकदा. ढग आडवा आला म्हणावं तर विमान ढगांच्या वर. यंत्र बिघडलं म्हणावं तर मधली नोंद सुरळीत. पुढे ग्रहाने तारा झाकला, सोडला, आणि दुसऱ्या बाजूलाही तशाच खाचा उमटल्या. आधी वाटलं, छोटे उपग्रह असतील. नंतर कागदाच्या लांबलचक पट्टीवर दोन्हीकडच्या खाचा मोजल्या, तेव्हा ग्रहाच्या मध्यापासून त्यांची अंतरं जुळली. एका बाजूला जितक्या लांब, दुसऱ्या बाजूलाही तितक्याच. उपग्रह असे जोडीजोडीने, सारख्या अंतरावर उभे राहणार नाहीत. ती कडी होती, केसासारखी अरुंद. पहिल्या पाच कड्यांना अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा, एप्सिलॉन अशी ग्रीक अक्षरं मिळाली.

त्याच रात्री तामिळनाडूत जवादी डोंगरातल्या कावलूरलाही दुर्बीण युरेनसकडे वळलेली होती. तिथली एक मीटरची दुर्बीण १९७२ साली उभी राहिली, खगोलशास्त्रज्ञ वेणू बाप्पूंच्या धडपडीतून. दुर्बिणीपाशी होते जे. सी. भट्टाचार्य आणि के. कुप्पुस्वामी. त्यांच्या नोंदीतही तारा काही सेकंद मंदावलेला स्पष्ट दिसला. त्यांनी तो युरेनसचा नवा उपग्रह मानला आणि 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात तसं प्रसिद्धही केलं. कड्यांची बातमी आल्यावर नोंदी पुन्हा तपासल्या, तेव्हा त्यांतल्या बारीक खाचांचा अर्थ लागला, आणि त्याच वर्षी भट्टाचार्य आणि बाप्पू यांनी युरेनसभोवतीच्या कड्यांवर लिहिलं.

ही गोष्ट ऐकून विद्यार्थी हळहळतात, आपल्या हातून शोध निसटला म्हणतात. मला तसं वाटत नाही आणि मी वर्गात तसं म्हणू देत नाही. डोंगरातल्या एका दुर्बिणीपाशी बसून, पावणेतीनशे कोटी किलोमीटरवरच्या शंभर किलोमीटर रुंदीच्या पट्ट्याची सावली अचूक टिपणं हे थोर काम होतं. एकाच ठळक खाचेवरून उपग्रह म्हणणं त्या क्षणी अगदी वाजवी होतं. फरक पडला तो सममितीने: एलियट यांच्या हाती ग्रहाच्या दोन्ही बाजूंच्या ठळक खाचा होत्या, म्हणून जोड्या लागल्या. आणि पुन्हा जुनी पट्टी उघडून, आपणच आधी छापलेला निष्कर्ष बाजूला ठेवून नव्याने वाचणं, हे मला कावलूरच्या मंडळींकडून शिकण्यासारखं सगळ्यात मोठं वाटतं. आमच्या कामात हे वारंवार करावं लागतं. कावलूरचंच दुसरं उदाहरण आहे. ७ जून १९७२ ला गुरूचा उपग्रह गॅनिमीड एका ताऱ्यासमोरून गेला, तेव्हा कावलूर आणि इंडोनेशियातल्या लेम्बांग इथल्या नोंदींवरून त्याला विरळ वातावरण असल्याचं मांडलं गेलं. १९७९ मध्ये व्हॉयेजर-१ यानाच्या मोजमापात तेवढं वातावरण काही सापडलं नाही. पुढे हबल दुर्बिणीला तिथे ऑक्सिजनचा खूपच पातळ थर दिसला. निष्कर्ष बदलत गेला. त्यात कुणाची नाचक्की झाली असं आमच्या क्षेत्रात कुणी मानत नाही.

एलियट यांचं पुढचं आयुष्यही याच वाटेने गेलं. १९७८ पासून ते एमआयटीत शिकवत होते. ९ जून १९८८ ला प्लूटो एका ताऱ्यासमोरून गेला, तेव्हा पुन्हा त्याच उडत्या दुर्बिणीतून त्यांच्या गटाने ताऱ्याचा उजेड हळूहळू मावळताना टिपला. खडकाआड गेलेला तारा दिवा विझावा तसा जातो. तो मावळत गेला, म्हणजे वातावरण आहे. नव्वदच्या दशकात नेपच्यूनचा उपग्रह ट्रायटन याची अशीच पिधानं तपासून, त्याचं वातावरण दाट होत चाललंय, म्हणजे तो तापतोय, हे त्यांनी दाखवलं. मार्च २०११ मध्ये ते गेले. प्लूटोजवळ यान पोचलं १४ जुलै २०१५ ला. प्लूटोभोवतीचं निळसर धुकं साऱ्या जगाने फोटोत पाहिलं. ते वातावरण ज्यांनी सत्तावीस वर्षं आधी एका आलेखाच्या उतारात ओळखलं होतं, त्यांना तो फोटो बघायला मिळाला नाही. या कामात असं होतं, ताई. मुलीला हे आधीच माहीत असलेलं बरं.

आता माझ्या जवळचं एक सांगते. काही वर्षांपूर्वी एक लघुग्रह दख्खनवरून सावली टाकत जाणार होता. आम्ही चार गट केले आणि सावलीच्या वाटेला आडवे, दहा-पंधरा किलोमीटरच्या अंतराने उभे राहिलो. माझा गट माण तालुक्यातल्या एका गावी, शाळेच्या पटांगणात. थंडी कडाक्याची. सरपंचांनी पटांगणाजवळचे दिवे बंद करून घेतले. शेजारच्या शेतातल्या आजोबांनी पाण्याची मोटरही थांबवली; मोटरीमुळे दुर्बीण हलत नाही हे मी सांगितलं, तरी ते म्हणाले, "असू द्या, तुमचं काम होऊ द्या." मध्यरात्र उलटून गेली. पडद्यावर ताऱ्यांचे पाच-सहा ठिपके. आमचा तारा मधला. वेळ जवळ आली तसं सगळं पटांगण गप्प झालं. आणि तो ठिपका गेला. मोजून तीन सेकंदांच्या आसपास तिथे काळोख, मग तो होता तसा परत आला. आजोबांनी विचारलं, "झालं?" झालं होतं. दोन महिन्यांची तयारी होती ती.

चारांपैकी दोन गटांना तारा झाकलेला दिसला, दोघांना नाही. ज्यांना नाही दिसला ते बिचारे उतरल्या चेहऱ्याने परत आले. त्यांना मी जे समजावलं ते तुमच्या मुलीलाही सांगा: शाळेत वर्तुळाची जीवा शिकवतात ना, तसं प्रत्येक ठिकाणची नोंद म्हणजे लघुग्रहाच्या आकारातली एक जीवा. ज्याला तारा दिसत राहिला, तो सांगतो की लघुग्रहाची कड माझ्या अलीकडेच संपली. ती नोंद नसेल तर आकार कुठे थांबतो हे कळत नाही. काही न दिसणं हीसुद्धा मोजणी आहे, फक्त ती प्रामाणिकपणे लिहायला हवी.

त्याच्या आधीच्या एका मोहिमेत मात्र माझ्या हातून मोठी चूक झाली. तारा झाकलेला सुरेख नोंदला गेला, आणि दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की लॅपटॉपचं घड्याळ दोन सेकंदांहून जास्त मागे होतं. रानात इंटरनेट तुटलं, घड्याळ आपोआप जुळायचं थांबलं, आणि मी निघण्यापूर्वी तपासलं नव्हतं. अशी सावली सेकंदाला पंधराएक किलोमीटर वेगाने धावते. दोन सेकंद म्हणजे तीस किलोमीटरची चूक, आणि लघुग्रहच मुळात चाळीस किलोमीटरचा. ती नोंद वापरता आली नाही. त्या दिवसापासून जीपीएसवरून थेट वेळ छापणारं यंत्र घेतल्याशिवाय मी घराबाहेर पडत नाही, आणि निघताना घड्याळ दोघांनी वेगवेगळं तपासायचं हा आमच्या गटाचा नियम आहे.

या कामात किती माणसं लागतात, हेही मुलीला कळू द्या. १७ जुलै २०१७ ला अर्जेंटिनातल्या पॅटागोनियात चोवीस दुर्बिणी एका ओळीत लावल्या होत्या. ६५० कोटी किलोमीटरवरचा, पुढे ॲरोकॉथ हे नाव मिळालेला एक दगड ताऱ्यासमोरून जाणार होता. मार्क ब्यूई हे त्या मोहिमेचे प्रमुख. वारा सोसाट्याचा, म्हणून गावकऱ्यांनी दुर्बिणींना आडोसा म्हणून ट्रक उभे केले. रस्त्यावरचे दिवे मालवले, गाड्यांच्या उजेडाचा त्रास नको म्हणून महामार्ग दोन तास बंद ठेवला. चोवीसपैकी पाच दुर्बिणींना तारा लपलेला दिसला, तोही फार तर सेकंदभर. त्या पाच जीवांवरून, हा दगड लांबुळका किंवा दोन गोळे चिकटल्यासारखा असावा, असा अंदाज बांधला. १ जानेवारी २०१९ ला यान जवळून गेलं आणि खरोखरच एकमेकांना चिकटलेले दोन गोळे दिसले.

आता रोजीरोटीचं. यात मी काही लपवणार नाही.

रस्ता लांब आहे. बारावीनंतर भौतिकशास्त्रात बीएस्सी, किंवा आयसर ही केंद्र सरकारची विज्ञानशिक्षण संस्था, किंवा तिरुवनंतपुरमची अंतराळविज्ञान संस्था. मग एमएस्सी. मग जेस्ट, नेट, गेट यांपैकी परीक्षा देऊन पीएचडीला प्रवेश. पुण्याचं आयुका, बंगळूरची भारतीय ताराभौतिकी संस्था, अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा, नैनितालची एरीज ही यातली मोठी ठिकाणं. ग्रह हाच विषय पक्का असेल तर अहमदाबादकडे विशेष लक्ष ठेवायला सांगा. चांद्रयान-३ च्या रोव्हरवर मातीतली मूलद्रव्यं मोजणारं एक उपकरण तिथेच तयार झालं, आणि माउंट अबूला त्यांच्या स्वतःच्या दुर्बिणी आहेत. पीएचडीत शिक्षणाचा भार घरावर पडत नाही, उलट शिष्यवृत्ती मिळते. सुरुवातीच्या फेलोशिपचा दर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे. पुढे दोन-तीन ठिकाणी, बहुधा परदेशात, दोन-दोन तीन-तीन वर्षांच्या तात्पुरत्या जागा. कायमची नोकरी लागेपर्यंत पस्तिशी येते. माझी छत्तिसाव्या वर्षी लागली. त्या जागा थोड्या आणि उमेदवार पुष्कळ, हे खरंच आहे. माझ्याबरोबर पीएचडी केलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जण आज डेटा, सॉफ्टवेअर, हवामान किंवा अध्यापनात आहेत. त्यांचं चांगलं चाललंय, कारण गोंगाटातून खरा संकेत वेगळा काढणं हे कौशल्य इतरत्रही लागतं. तेव्हा पोट भरतं का, याचं उत्तर हो आहे. दुर्बिणीवरच भरेल का, याची हमी कुणी देऊ शकत नाही.

इस्रो आणि नासाबद्दल बरेच गैरसमज आहेत. इस्रोत भरती होणाऱ्यांत अभियंत्यांचा मोठा भरणा असतो. ग्रहांच्या विज्ञानाकडे जाणारा मार्ग बहुधा अहमदाबादच्या प्रयोगशाळेतून किंवा तिरुवनंतपुरमच्या अंतराळ भौतिकी प्रयोगशाळेतून जातो. नासाच्या कायम सरकारी नोकरीला अमेरिकेचं नागरिकत्व लागतं. पण नासाच्या मोहिमांवर विद्यापीठांमार्फत काम करणारे भारतीय पुष्कळ आहेत. क्लासच्या जाहिरातीत 'नासाला पाठवतो' म्हणणाऱ्यांना पैसे देऊ नका, एवढं कळकळीने सांगते.

घरच्यांच्या 'छंद' या शब्दाबद्दल राग मानू नका. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात खुद्द खगोलशास्त्रज्ञही ग्रहांच्या अभ्यासाला कमी लेखायचे. मंगळावर कालवे आहेत की नाहीत या वादाने हा विषय बदनाम झाला होता आणि हुशार मंडळी तारे, दीर्घिकांकडे वळायची. गेरार्ड कायपर यांनी त्या काळात ग्रहांवर काम चालू ठेवलं. १९४४ मध्ये शनीच्या टायटन या उपग्रहावर मिथेन वायू शोधला, १९४८ मध्ये युरेनसचा मिरांडा हा उपग्रह शोधला, १९६० मध्ये ॲरिझोनात चंद्र आणि ग्रहांसाठी वेगळी प्रयोगशाळा काढली. युरेनसची कडी शोधणारी ती उडती दुर्बीण त्यांच्याच नावाची होती.

कुटुंबाचंही सांगायला हवं. मी चिलीत निरीक्षणाला होते तेव्हा माझी आई दवाखान्यात होती. ताऱ्याची वेळ पुढे ढकलता येत नाही. भाऊ होता म्हणून निभावलं. नवरा-बायको दोघांना एकाच शहरात जागा मिळणं अवघड असतं. आम्ही सहा वर्षं वेगवेगळ्या गावी राहिलो. मुलगी म्हणून तिला डोंगरावर रात्री एकटीने कामाला कसं पाठवायचं ही काळजी तुमच्या प्रश्नात लिहिलेली नाही, पण ती असणारच. वेधशाळेत निरीक्षक एकटा नसतो. तंत्रज्ञ असतात, राहायची सोय असते, आणि आता बरंचसं काम दुरूनच होतं. माझ्या गटात सध्या पाचपैकी तीन मुली आहेत.

आत्ता तिने काय करावं? महागडी दुर्बीण घेऊ नका. कलन आणि संख्याशास्त्र पक्कं करू द्या, पायथन शिकू द्या. मुंबईच्या होमी भाभा केंद्रातर्फे खगोलशास्त्राचं ऑलिंपियाड होतं, त्याची तयारी निकाल काही लागो, उपयोगी पडते. पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, मुंबईत खगोल मंडळ आहे. सोलापूरला किंवा बार्शीतच कुणी आकाश दाखवणारे असतील तर त्यांच्याबरोबर जाऊ द्या.

आणि एक वही करायला सांगा. पंचांगात किंवा फोनवरच्या ॲपमध्ये चंद्राने एखादा तारा झाकण्याची वेळ मिळते. साधी द्विनेत्री (बायनॉक्युलर) घेऊन गच्चीवर जायचं, चंद्राच्या अंधाऱ्या कडेजवळ तारा सरकत येताना बघायचं, आणि तो गेला त्या क्षणी फोनच्या स्टॉपवॉचचं बटण दाबायचं. मग तिची वेळ आणि छापलेली वेळ शेजारी-शेजारी लिहायच्या, तारीख, जागा आणि आकाश कसं होतं यासकट. पहिल्या खेपेला तिचं बटण अर्धा-पाऊण सेकंद उशिरा दाबलं जाईल. ती वेळ खोडू नये, तशीच वहीत राहू द्यावी, आणि पुढच्या पिधानाच्या वेळी आपला हात किती उशिरा चालतो हे तिने त्या वहीतूनच काढावं.